दोन्ही कान दिसणारा टीव्ही

कळसच्या आमच्या घरात टीव्ही बघायच्या जागा ठरलेल्या होत्या. त्या कुणी ठरवल्या हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. सोप्यातल्या टेबलावर टीव्ही, त्याच्या नाकासमोर मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बाज, बाजेच्या दोन्ही अंगांना घोंगडी टाकून दीर, पाहुणे, शेजारचे बाप्ये. आणि सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत आत्याबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पाठ चौकटीला, एक गुडघा वर, पुढ्यात परात, कान कुकरच्या शिट्टीकडं. तिथून टीव्ही कडेनं दिसायचा. जुना टीव्ही, काच चांगली फुगलेली. कडेनं बघणाऱ्याला काचेची पलीकडची बाजू फुगवट्याआड जायची. त्यामुळं मालिकेतली सून अलीकडं उभी असली तर ती आत्याबाईंना दिसायची आणि पलीकडची सासू नुसती ऐकू यायची. सुनेची बाजू त्या नेहमी पटकन घेत, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

लग्न होऊन आले तेव्हा मीही त्यांच्या मागं, उंबऱ्याच्या आत बसले. मला तर टीव्हीची चौकट आणि आत्याबाईंचा आंबाडा एवढंच दिसायचं.

मी पणदऱ्याची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. एसटीच्या दांडीला लोंबकळत बारामतीला जाऊन बी.एस्सी. केलं. लग्नानंतर एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची फॅट काढायला लागले. सासरी याला 'सून दूध तपासायला जाते' म्हणत. तपासायला म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगायची सोडत नसे, ते निराळं.

तर त्या उंबऱ्याच्या आत बसून मी ठरवलं होतं, की स्वतःचं घर होईल तेव्हा त्यात कुठलीही बाई दारातून टीव्ही बघणार नाही. मी तर नाहीच, आणि आत्याबाईही नाहीत. त्यांना समोर बसवायचं. हा माझा पण होता. आत्याबाईंना त्याबद्दल मी काही विचारलं नव्हतं.

नव्वदीचं दशक संपता संपता बारामतीत आमचं घर उभं राहिलं. धाकट्या दिरानं शेती धरली होती, म्हणून मामंजी आणि आत्याबाई आमच्याकडं राहायला येणार होते. घराचा नकाशा मी काढला. गवंडी जुना माणूस होता, त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला.

"वहिनी, सैपाकघराला दार दावलं न्हाय ह्यात."

"दार नाहीच. कमरेएवढी भिंत घ्यायची, वर सगळं उघडं. आत जायला तेवढी मोकळी वाट."

"आन् उंबरा?"

"उंबराही नाही."

त्यानं माझ्या नवऱ्याकडं बघितलं. नवरा तेव्हा विटा बघत होता. आमच्या घरात कठीण प्रसंग आला की तो काहीतरी बघत असतो.

"फोडणीचा धूर समदा पाव्हण्याच्या तोंडात जाईल," गवंडी म्हणाला.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "पाहुण्यालाही कळू दे, चहापोहे कुठून येतात ते."

भिंत कमरेएवढी झाली. उंबरा झाला नाही. मला वाटलं, निम्मं काम फत्ते झालं.

उरलेलं निम्मं टीव्हीचं होतं. वास्तुशांतीच्या आधी टीव्ही यायला हवा, असं मामंजींनी जाहीर केलं. जुना कळसलाच दिराकडं राहणार होता. तेव्हा बारामतीत सपाट काचेचे टीव्ही नुकते दुकानात दिसायला लागले होते. फ्लॅट टीव्ही म्हणत त्याला. आजच्यासारखा भिंतीला टांगायचा पापड नव्हे तो. काच तेवढी सपाट, मागचं खोकं होतं तसंच. पण ज्याच्या घरी तो आला, त्याच्याकडं लोक चहाला मुद्दाम वाट वाकडी करून जात.

मला फ्लॅट नको होता. मी हिशेब केला होता. ज्या किमतीत एकवीस इंची फ्लॅट येत होता, त्याच किमतीत साधा, फुगीर काचेचा एकोणतीस इंची येत होता. समोर बसून बघायचं असेल तर मोठा घेण्यात शहाणपण आहे. सपाट काचेचा फायदा फक्त कडेनं बघणाऱ्याला, आणि माझ्या घरात कडेनं बघणारं कुणी राहणारच नव्हतं. इतकं सरळ होतं ते. नवऱ्याला समजावलं तर तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे. पण दुकानात तू बोल."

दुकानात आम्ही चौघं गेलो. भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्ही, सगळ्यांवर एकच बातम्या देणारी बाई, कुठं गोरी, कुठं हिरवट, कुठं काविळीची. दुकानदारानं मामंजींचा फेटा बघितला आणि लगेच खुर्ची मागवली.

"या तात्या, बसा. कुठलं गाव?"

"कळस," मामंजी म्हणाले आणि टीव्हींच्या बरोब्बर मधोमध, नाकासमोर बसले. घर बदललं, गाव बदललं, दुकान परक्याचं, तरी त्यांची जागा त्यांना डोळे मिटून सापडली असती.

चहा आला. नवऱ्याच्या हातात कुणीतरी रिमोट दिला आणि तो सुखी झाला. मी दुकानदाराला एकोणतीस इंचीचं सगळं विचारून घेतलं. आवाज कसा, चॅनल किती, दुरुस्तीला माणूस कुठून येणार. तो बिचारा उत्तरं देत होता, मला नव्हे, मामंजींना. मी विचारायचं आणि त्यानं त्यांच्या फेट्याला सांगायचं.

थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, आत्याबाई कुठं दिसत नाहीत.

त्या टोकाला होत्या. टीव्हींच्या रांगेच्या अगदी कडेला एक फ्रिज उभा होता. त्या फ्रिजला पाठ टेकून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, मान किंचित वाकडी करून त्या बातम्या बघत होत्या. फ्रिज म्हणजे चौकट, एवढाच काय तो फरक. परात असती तर त्यांनी भाजीही निवडली असती.

"मावशी, तितं कुठं? म्होरं या की, म्होरनं झ्याक दिसतंय," दुकानदार म्हणाला.

"मला हितनंच बगायचाय."

"हितनं काय दिसणार?"

"तेच बगतीया."

मी जाऊन त्यांचा हात धरला. "आत्याबाई, तो मोठा बघा. तो घ्यायचा म्हणतेय मी."

त्यांनी मोठ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आयुष्यभर अर्ध्या टीव्हीवर काढलेल्या बाईनं पहिल्यांदाच तक्रार केली, तीही परक्या दुकानात.

"ह्यात त्या बाईचा एक कान जातोय."

"कान?"

"पल्याडचा. अल्याडचं कानातलं दिसतंय, पल्याडचं न्हाय. त्यो बग, त्याच्यात." त्यांनी हनुवटीनं फ्लॅट टीव्ही दाखवला. "त्याच्यात दोन्ही कान हायती."

दुकानदार फ्रिजपाशी आला, आत्याबाईंच्या शेजारी उभा राहिला, त्यानंही मान वाकडी केली. आपल्याच दुकानातला माल त्यानं तिथून कधी बघितला नसावा. मग तो जो सुटला, तो थांबेना. "बरोबर हाय मावशीचं. फ्लॅट म्हंजी हेच की तात्या. कुठनं बी बगा. दारातनं बगा, खिडकीतनं बगा, सैपाक करता करता बगा. बाईमाणसाला काम सोडून यायलाच नको."

मला वाटलं, याला तिथंच फ्रिजमध्ये कोंबावं.

"मग झालं की," मामंजी बशीतला चहा ओढत म्हणाले. "समद्यांची सोय झाली. ज्यानं त्यानं आपापल्या जागंवरनं बगायचा."

आता बोलणं भाग होतं. "मामंजी, नव्या घरात आत्याबाई कडेला बसणारच नाहीत. समोर बसणार आहेत. सोफ्यावर. मग कडेनं कसा दिसतो याचं करायचं काय? मोठा घेऊ."

 बातम्या देणारी बाई तेवढी बोलत राहिली. नवरा रिमोटमागचं सेलचं झाकण बघायला लागला. मामंजींनी वर छताच्या पंख्याकडं बघितलं. आत्याबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मी त्यांना भर चौकात फुगडी घालायला सांगितली.

"म्होरं?" त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्या म्होरं?"

"पुढं नाही. शेजारी."

"शेजारी," त्या म्हणाल्या, आणि हसू यावं तसं काहीतरी त्यांच्या ओठावर येऊन परत गेलं. मग दुकानदाराकडं वळून एकदम मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "मेंढरू कोण म्होरनं बगून घेतं व्हय? म्होरनं समदीच गरीब दिसत्यात."

मेंढराचं नाव निघालं आणि मामंजींनी बशी खाली ठेवली. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आत्याबाईंच्या माहेरी तर त्यांच्या लग्नापर्यंत कळप होता. बाजारात जनावर बघायचं ते कडेनं आणि मागनं. पाठ कशी, पाय कसा टाकतंय, मागं मांस किती. तोंडाकडं बघून मेंढरू घेणाऱ्याला बाजारात गिऱ्हाईक म्हणून लांबूनच ओळखतात. मामंजी उठले. फ्लॅट टीव्हीच्या मागं गेले. त्याच्या खोक्यावर हात फिरवला, पंजानं दोनदा थोपटलं.

"तोंड तेवढं चपटं केलंय. पाठ हाय तशीच हाय," ते म्हणाले. "भरलाय चांगला. ह्योच द्या."

माझा इंच-इंचाचा हिशेब पर्समध्येच राहिला. बी.एस्सी.ला असं काही नव्हतं. दुधाची फॅट काढताना दूध कुठनंही बघितलं तरी आकडा तोच येतो.

टीव्ही टेंपोतून घरी आला. खाली पोती, वर घोंगडी, आणि मागं बसून आत्याबाईंनी तो धरलेला. वास्तुशांतीला कळसहून पाहुणे आले. त्यांनी घर बघितलं, मोरी बघितली, कमरेएवढ्या भिंतीकडं बघून 'पैसं कमी पडलं व्हय?' असं विचारलं आणि मग टीव्ही बघायला बसले.

आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी पाट उचलला. अर्ध्या भिंतीजवळ गेल्या, इकडं सरकवला, तिकडं सरकवला, आणि दार असतं तर उंबरा जिथं आला असता, तिथं नेमका मांडला. भिंत कमरेएवढी, ती त्यांच्या पाठीला चौकटीपेक्षा बरी लागली. "पाठ सबंध टेकतीया," त्या मला कौतुकानं म्हणाल्या. "तू लई इचार करून बांदलीस."

मी हरणारी नव्हे. मी समोर बसायला लागले. रोज संध्याकाळी डेअरीतून यायचं, हातपाय धुवायचे आणि सोफ्याच्या एका टोकाला बसायचं. दुसऱ्या टोकाला मामंजी. मला बघून ते धोतर सारखं करत, घसा खाकरत आणि बातम्या लावत. नवऱ्याला त्या दिवसांत बाहेर फार कामं निघायला लागली. सोफ्यावर बसून आम्ही दोघं, सासरा आणि सून, टीव्हीकडं असं टक लावून बघत असू, की एखाद्याला वाटावं परीक्षा आहे.

मजा सगळी पाटाकडं होती. शेजारच्या बायका टीव्ही बघायला यायच्या, त्या सरळ आत्याबाईंकडं. भिंतीला पाठ लावून रांग बसायची. लसूण सोलणं व्हायचं, कुणाच्या सुनेचं व्हायचं, कुणाच्या म्हशीचं व्हायचं, आणि मध्येच सगळ्या एकदम हसायच्या. मला वाटायचं मालिकेत काही विनोद झाला. समोर तर कुणीतरी रडत असायचं. एकदा मी मान वळवून विचारलं, "काय झालं?" तर आत्याबाई म्हणाल्या, "काय न्हाय. तू बग. तुजं चालू दे."

तत्त्वासाठी समोर बसणारी घरात मी एकटीच होते. टीव्ही मला उत्तम दिसत होता. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं.

मार्च गेला, उन्हं वाढली, आणि दुपारची वीज जायला लागली. एका सुट्टीच्या दिवशी मामंजी कळसला रानात गेले होते, ते संध्याकाळच्या एसटीनं येणार होते. नवरा असाच कुठंतरी. जेवणं झाली आणि वीज गेली. मी फरशी पुसून घेतली, ती वाळेपर्यंत पाय कुठं ठेवायचे असं झालं, म्हणून आत्याबाई ओल्या फरशीवरून टाचांवर चालत आल्या आणि सोफ्यावर बसल्या. अगदी मधोमध. टीव्ही बंद होता. बंद टीव्हीसमोर बसायला कुणाची आडकाठी नव्हती.

एक गुडघा त्यांनी सोफ्यावरही वर घेतलाच. मग त्यांची नजर काचेकडं गेली. काळी, सपाट काच, आणि खिडकीचा उजेड समोरून. त्यात त्या दिसत होत्या. गुडघ्यासकट, सोफ्यासकट, सगळ्या.

"ह्यात माणूस सरळ दिसतंय," त्या म्हणाल्या.

"काच सपाट आहे ना."

"जुन्यात भोपळ्यागत दिसायचं तोंड. बंद असला, सोपा झाडाया गेलं, की म्या बगायची. इतकी वर्सं मला वाटायचं, माजं तोंडच तसं हाय."

मी हसले. त्याही हसल्या. पुढं झुकून त्यांनी कुंकू नीट केलं, डावीकडं मान केली, उजवीकडं केली, आणि दोन्ही कानांतली फुलं हातानं चाचपली. मी शेजारी जाऊन बसले. काचेत आता आम्ही दोघी.  आत्ता समोर बसलाय ते ध्यानात आलंय का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. मोठ्या कष्टानं ते गिळलं. शिकलेल्या माणसाला गप्प बसणं फार अवघड जातं.

दुपार तशीच सरली. आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. त्यांनी त्यांच्या माहेरच्या कळपाचं सांगितलं, दिवाळीनंतर कोकणाच्या अंगानं कुठवर जायचे, कुठली वाट. एवढं त्या कधी बोलल्या नव्हत्या. किंवा रोज बोलत असतील, पाटावर.

वीज आली. पंखा फिरायला लागला. मी उठून टीव्हीचं बटण दाबलं. एवढंच काय ते मी केलं. काच उजळली, त्यातल्या आम्ही दोघी गेलो आणि तिथं कळसला बघायचो त्या जुन्या मालिकेतली सासू आली, पलीकडच्या बाजूला, आख्खी. ती मालिका नुकतीच दुपारची पुन्हा दाखवायला लागले होते.

आत्याबाईंनी गुडघा खाली घेतला. एक हात सोफ्याच्या दांडीवर ठेवला. त्या उठणार हे मला दिसत होतं. फरशी केव्हाच वाळली होती, पाट आपल्या जागी होता. त्यांनी पाटाकडं एकदा बघितलं. मग टीव्हीकडं. हात दांडीवर तसाच राहिला.

"ही व्हय सासू?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मोठ्या वयाची असंल. ही तर माज्यापरास ल्हान हाय."

आणि दाराबाहेर मामंजींच्या पायताणाचा आवाज आला. त्यांना लवकरची एसटी मिळाली असावी. ते आत आले, टोपी काढून खुंटीला लावली, रानात जाताना ते फेटा बांधत नसत, आणि सवयीनं सोफ्याकडं वळले. सोफ्याच्या मध्यावर त्यांची बायको बसली होती. एका टोकाला मी. दुसऱ्या टोकाला शेंगांची परात.

ते उभे राहिले. मी माझी जागा देण्यासाठी उठले असते, पण आत्याबाईंचा हात माझ्या मांडीवर पडला. हलका नव्हता.

मामंजी थोडे मागं सरले, अर्ध्या भिंतीपर्यंत. तिथं कोपर टेकून त्यांनी टीव्हीकडं बघितलं.

"काय लागलंय?" त्यांनी विचारलं.

"बसा की तितं," आत्याबाई म्हणाल्या. मान वळवली नाही. "पाट हाय. पाठ बी टेकतीया."

 बातम्यांची वेळ झाली होती, पण तो विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी पायानंच पाट जरा पुढं ओढला, धोतर आवरलं आणि बसले. गुडघा आपोआप वर आला.

"अवं," आत्याबाई समोर बघतच म्हणाल्या, "तितनं दोन्ही कान दिसत्यात का?"

मामंजींनी मान किंचित वाकडी केली.

"दिसत्यात," ते म्हणाले.